बारा गावचं पाणी प्यालेल्या पिचरनं कोरिया घ्यावं की जपान?

बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वय 28-29. हातातला वेग शाबूत आहे, मेजर लीगच्या एकच पायरी खालच्या ट्रिपल-एमधले आकडे बरे आहेत, पण ऑप्शनची, म्हणजे क्लबनं हवं तेव्हा खाली-वर पाठवण्याची, तिन्ही वर्षं संपली आहेत. नोव्हेंबरात एजंट तीन कागद पुढे ठेवतो. एक कोरियन क्लबचा, एक जपानी क्लबचा आणि तिसरा अमेरिकेतल्याच एका क्लबचा, म्हणजे मायनर लीगचं कंत्राट आणि सराव शिबिराचं आमंत्रण. फिरस्त्या बेसबॉलपटूच्या आयुष्यात हे तीन कागद एकत्र फार वेळा येत नाहीत, आणि निवड चुकली तर दोन वर्षं सहज जातात.

खालचं सगळं स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. रिलीव्हर (मागून येऊन टाकणारा पिचर) आणि हिटर (फलंदाज) यांचं गणित वेगळं, त्यांच्याबद्दल पुढे थोडं येईल. रोटेशन म्हणजे स्टार्टरांची ठरलेली पाळी, ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरनं दिलेल्या धावांची सरासरी (कमी तितकी चांगली), आणि स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेला हिटर.

आधी तिसरा कागद बाजूला काढू, कारण तो दिसतो तितका सुरक्षित नाही. 2023 मध्ये ठरलेला ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला 35,800 डॉलर. 2025 मध्ये मेजर लीगचा किमान पगार 7,60,000 डॉलर होता आणि हंगाम 186 दिवसांचा, म्हणजे वर बोलावणं आलं तर दिवसाला साधारण 4,086 डॉलर. हिशेब असा मांडायचा: येत्या हंगामात मेजर लीगचे किती दिवस खरोखर पदरात पडतील? 20 दिवस पडले तर 82 हजारांच्या आसपास. कोरियातल्या एका वर्षाची बरोबरी करायला मेजर लीगचा अख्खा हंगामही पुरत नाही. मात्र एक अपवाद जपून बघायला हवा. मेजर लीगच्या पेन्शनसाठी 43 दिवसांची सेवा लागते. एखाद्याचे 35-40 दिवस भरले असतील आणि क्लबकडे त्याच्या जागेवर माणसं कमी असतील, तर आधी ते दिवस पुरे करून मग परदेशाचा विचार करणं शहाणपणाचं. पैसा नंतरही मिळतो, तो उंबरठा ओलांडायची संधी पुन्हा मिळेलच असं नाही.

आता पैसा. इथे कागदावर जपान वरचढ आहे हे मान्यच करायला हवं. कोरियात नव्या परदेशी खेळाडूला पहिल्या वर्षी सगळं मिळून 10 लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि ‘सगळं मिळून’ हे शब्द नीट वाचायचे. साइनिंग बोनस, पगार, कामगिरीवरची बक्षिसं यांच्याबरोबर अमेरिकन क्लबला द्यायची सोडवणुकीची रक्कमसुद्धा त्याच 10 लाखांत बसते. खेळाडू मेजर लीग क्लबच्या 40 जणांच्या यादीवर असेल आणि त्याच्या क्लबनं सोडायचे दोन-तीन लाख मागितले, तर ते त्याच्याच ताटातून जातात. म्हणून यादीवरून नाव उतरल्यावर किंवा नॉन-टेंडर झाल्यावर (क्लबनं पुढचा करारच देऊ न केल्यावर) गेलेला पिचर जास्त घरी नेतो. एरिक फेडी हे त्याचं चांगलं उदाहरण. नोव्हेंबर 2022 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सनी त्याला सोडलं, डिसेंबरात एनसी डायनोजशी त्याचा 10 लाखांचा करार झाला.

जपानमध्ये अशी मर्यादा नाही, पहिल्याच वर्षी दोन वर्षांचं कंत्राटही मागता येतं. कोरियात नव्या खेळाडूला एकाच वर्षाचं मिळतं. करातही जपान सोपा आहे. वर्षाच्या आतलं कंत्राट असेल तर अनिवासी म्हणून 20.42 टक्के कापले जातात आणि विषय तिथेच संपतो. कोरियात वर्षातले 183 दिवस काढले की निवासी धरतात. फेब्रुवारीतल्या शिबिरापासून ऑक्टोबरपर्यंत राहणारा प्रत्येक जण त्यात येतो. वरच्या टप्प्याचा दर 45 टक्के, शिवाय त्या कराचा दहावा हिस्सा स्थानिक कर. सुरुवातीची कपात पाहून ‘एवढाच कर’ असं समजणारे पुढच्या मे महिन्यातल्या विवरणपत्राच्या वेळी हादरतात. कोरियाचा कागद हातात घेणाऱ्यानं कोरियन कर जाणणारा हिशेबनीस सहीच्या आधी गाठावा.

इथवर वाचून कुणी जपानकडे झुकला तर त्याला दोष देता येणार नाही. पण घोडं पेंड खातं ते पुढे.

चार खुर्च्या आणि आठ माणसं

जपानमध्ये क्लबनं किती परदेशी खेळाडूंशी करार करावा यावर बंधन नाही. बंधन आहे ते सामन्याच्या यादीवर, आणि तिथे चारच परदेशी. ते चारही पिचर किंवा चारही हिटर असून चालत नाही. साहजिकच क्लब सहा-सात जण आणून ठेवतो. जे चारांत बसत नाहीत ते दुसऱ्या संघात, जपानी भाषेत निगुनमध्ये. पगार पूर्ण मिळतो, सराव असतो, सामनेही असतात. फक्त दुपारच्या उन्हात, थोड्या प्रेक्षकांपुढे, आणि ज्यांच्यासाठी अमेरिका सोडली त्या आकड्यांत त्यातलं काहीच धरलं जात नाही.

हे सगळ्यात जास्त जाचतं ते स्टार्टरला. जपानी संघ सहा जणांचं रोटेशन चालवतात, स्टार्टर आठवड्यातून एकदा टाकतो. क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा रिलीव्हर, आणि चौथ्या क्रमांकाचा हिटर रोज लागतात. मग आठवड्यातल्या एका दिवसासाठी एक खुर्ची अडवून बसलेला परदेशी स्टार्टर व्यवस्थापकाला महाग वाटतो. सहज दिसणारा उपाय म्हणजे सामना टाकून झाला की त्याचं नाव काढायचं आणि दुसऱ्याला वर आणायचं. एकदा नाव काढलं की दहा दिवस परत घालता येत नाही. त्या दहा दिवसांत वर गेलेल्यानं दोन होम रन मारले की दहाचे वीस होतात. पिचर तंदुरुस्त आहे, मागचा सामना सहा इनिंगमध्ये दोन धावांवर टाकलेला आहे, तरीही तो निगुनमध्ये आहे, कारण संघाला फर्स्ट बेसमनची गरज आहे. चूक कुणाचीच नाही. ही त्या व्यवस्थेची रचना आहे, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध कंत्राटात फारसं काही लिहून घेता येत नाही.

2021 चा हान्शिन टायगर्सचा संघ बघा. त्या वर्षी कोविडच्या सवलतीमुळे पहिल्या संघात पाच परदेशी नोंदवता येत होते, सामन्याला चार. हान्शिनकडे आठ होते: स्वारेस, गंकेल, एडवर्ड्स, अल्कांतारा, चेन वेइ-यिन, मार्ते, सँड्स आणि रोहास. यातले राउल अल्कांतारा आणि मेल रोहास ज्युनियर हे दोघे थेट कोरिया जिंकून आलेले. अल्कांतारानं 2020 मध्ये दूसान बेअर्ससाठी 20 सामने जिंकले होते आणि फक्त 2 हरले होते. रोहास त्याच हंगामाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, केटी विझसाठी 47 होम रन. जपानच्या प्रवेशबंदीमुळे दोघांना पोचायलाच एप्रिल उजाडला, आणि आल्यावर खुर्च्या भरलेल्या. अल्कांतारा बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हरांत, ढकलला गेला. रोहासला दोन्ही वर्षं लय सापडलीच नाही. 2023 मध्ये अल्कांतारा दूसानकडे परतला आणि 13 सामने जिंकला. रोहास 2024 मध्ये केटीकडे परतला आणि 32 होम रन मारले. हात तोच, बॅट तीच. फरक पडला तो रोज नाव लागण्याचा, असं मला वाटतं. जपानी पिचिंग अवघड आहे हेही खरंच, पण अल्कांतारा पिचर होता, त्याला ते कारण लागू होत नाही.

कोरियात क्लबला तीनच परदेशी ठेवता येतात आणि तिघेही एकाच प्रकारचे नसतात. सर्वसाधारण मांडणी दोन स्टार्टर आणि एक हिटर अशी. दहा दिवसांचा नियम तिथेही आहे, पण मागे रांगेत चौथा कुणी उभा नसतो. 2026 पासून आशियाई आणि ऑस्ट्रेलियन खेळाडूंसाठी एक वेगळी जागा आली आहे, वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंतची. ती या तिघांच्या जागा खात नाही. परदेशी स्टार्टर म्हणजे संघाचा पहिला किंवा दुसरा पिचर असं तिथे गृहीतच असतं. एप्रिलमध्ये दोन सामने खराब गेले तरी तिसऱ्याला चेंडू त्याच्याच हातात दिला जातो, कारण देणार दुसरा कुणाला? ज्या पिचरची आजवरची सगळी वर्षं वर-खाली करण्यात गेली, त्याच्यासाठी ही एक गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी आहे.

कोडी पॉन्सच्या कारकिर्दीत हा फरक स्वच्छ दिसतो. 2015 च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा पिचर, 2020 आणि 2021 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स, मग जपान. निप्पॉन हॅमकडून 2022 मध्ये त्यानं नो-हिटरसुद्धा (एकही हिट न देता अख्खा सामना) टाकला. तरी निप्पॉन हॅम आणि राकुतेन मिळून तीन वर्षांचा हिशेब 10 विजय, 16 पराभव. 2024 चा हंगाम तर फारच वाईट. 2025 मध्ये तो देजॉनच्या हानह्वा ईगल्सकडे गेला आणि 17-1, ईआरए 1.89, 180.2 इनिंगमध्ये 252 स्ट्राइकआउट, एमव्हीपी. 17 मे रोजी एसएसजी लँडर्सविरुद्ध आठ इनिंगमध्ये 18 स्ट्राइकआउट. हंगाम संपल्यावर टोरंटो ब्लू जेजनी तीन वर्षांचे 3 कोटी डॉलर मोजले. त्याच वर्षी कोरियातच ड्रू अँडरसननं 245 स्ट्राइकआउट घेतले. तोही आधी हिरोशिमा कार्पमध्ये दोन वर्षं काढून आलेला, आणि तोही हंगामानंतर डेट्रॉइटकडे गेला.

यावर कुणी म्हणेल की जपानचं पिचिंग-हिटिंग वरच्या दर्जाचं आहे, म्हणून तिथे झाकलेले कोरियात चमकतात. म्हणणं रास्त आहे. पण फिरस्त्या पिचरला लीगचा दर्जा घरी न्यायचा नसतो, त्याला 30 सामन्यांचा सलग पुरावा न्यायचा असतो. भारतातून बघताना कोरियाचे सामने दुपारी तीनला आणि जपानचे अडीचला सुरू होतात, दोन्ही नियमानं बघणं जमत नाही. मी कोरिया धरला तो याच कारणानं: मंगळवारी ज्याला पाहिलं तो रविवारी पुन्हा दिसतो.

मंगळवार ते रविवार

हे मंगळवार-रविवार प्रकरण थोडं उलगडून सांगायला हवं, कारण शरीराचा प्रश्न इथेच आहे. कोरियात दहा संघ, प्रत्येकी 144 सामने, सोमवारी सुटी. रोटेशन पाच जणांचं. मंगळवारी ज्याची पाळी त्याची रविवारी पुन्हा येते, मध्ये चारच दिवस. इतरांना पाच मिळतात. जपानच्या आठवड्याला एकदाच्या तालापेक्षा हे जड आहे. ज्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यानं हे गांभीर्यानं घ्यावं. आरिएल मिरांदाचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. क्यूबा, सिएटल आणि बाल्टिमोर, फुकुओका, तैवान असा फिरत फिरत तो 2021 मध्ये दूसानकडे आला, 225 स्ट्राइकआउट घेऊन चोय दोंग-वोनचा 1984 पासूनचा 223 चा विक्रम मोडला, एमव्हीपी झाला, आणि पुढच्याच वर्षी खांद्यानं दगा दिल्यावर मोकळा करण्यात आला. करार करताना मंगळवारच्या पाळीबद्दल पिचिंग कोचशी आधीच बोलून घ्यावं. ‘महिन्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा चार दिवसांवर टाकणार नाही’ अशी तोंडी समजूत बरेचदा पुरते.

दुसरी अडचण पावसाची. जूनअखेर कोरियात जांगमा सुरू होतो, आपल्याकडच्या आषाढासारखा, आणि छप्पर असलेलं मैदान एकच, सोलचं गोचॉक. सामना रद्द झाला की पाळी पुढे ढकलली जाते. वॉर्मअप पूर्ण करून चाळीस मिनिटं बसायचं आणि मग परत फिरायचं, असं जुलैत व्हायचंच. जपानमध्ये तोक्यो, नागोया, ओसाका, फुकुओका, सप्पोरोजवळचं किताहिरोशिमा, सैतामा अशी छताखालची मैदानं इतकी आहेत की वेळापत्रक घड्याळासारखं चालतं. ज्याला ठरलेल्या तालाशिवाय चैन पडत नाही, त्याच्यासाठी हा गुण जपानच्या बाजूला लिहावा.

प्रवासात मात्र कोरिया फारच सोपा. दहापैकी पाच संघ सोल, इंचॉन आणि सुवॉन या पट्ट्यात. सर्वांत लांबचा प्रवास सोल ते बुसान, म्हणजे अंतरानं साधारण मुंबई-कोल्हापूर. संघ बसनं जातो, सामना संपला की रात्रीच निघतो. जपानमध्ये सप्पोरो ते फुकुओका विमानच. क्लबनं दिलेलं घर आणि दुभाषा दोन्हीकडे असतात. कोरियात एकच दुभाषा बहुधा दोघातिघांत वाटलेला असतो, तेव्हा बायको-मुलं बरोबर असतील तर दवाखान्याच्या वेळी कुणाला फोन करायचा हे पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवावं.

माउंडवर काय बदलतं? चेंडू दोन्हीकडे अमेरिकेपेक्षा हाताला जास्त चिकट लागतो. स्लायडर आणि स्वीपर टाकणाऱ्यांना ते आवडतं. परत गेल्यावर गुळगुळीत चेंडूशी पुन्हा जमवून घ्यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे डिसेंबरपासूनच अमेरिकन चेंडू हाती धरावा. कोरियात 2024 पासून स्ट्राइक-बॉलचा निर्णय यंत्र देतं. झोन, म्हणजे स्ट्राइक धरायची चौकट, हिटरच्या उंचीवर बेतलेला. 2024 मध्ये वरची हद्द उंचीच्या 56.35 टक्क्यांवर आणि खालची 27.64 वर होती. 2025 मध्ये दोन्ही थोड्या खाली आणून 55.75 आणि 27.04 केल्या. कॅचरनं ग्लव्ह सरकवून मिळवलेला स्ट्राइक इथे नाही. कडेवर चेंडूभर बाहेर टाकून पंचाची मेहेरबानी मिळवणाऱ्याचे हाल होतात. उंच फास्टबॉल आणि वरून पडणारा कर्व्ह ज्याच्याकडे आहे त्याचं फावतं, कारण झोनच्या वरच्या कोपऱ्याला चाटून गेलेला कर्व्ह यंत्र न चुकता स्ट्राइक देतं. 2025 पासून पिच क्लॉकही आहे, म्हणजे चेंडू टाकायला किती वेळ ते मोजणारं घड्याळ. त्या वर्षी बेस रिकामे असताना 20 सेकंद होते, खेळाडू बेसवर असताना 25. अमेरिकेतल्या 15 आणि 18 ची सवय असलेल्याला हा ऐसपैस वाटतो. जपानमध्ये पंच माणूस आहे आणि घड्याळ नाही.

अमेरिकन क्लबांच्या दृष्टीनं यातून एक फायदा निघतो. कोरियातले बॉल-स्ट्राइकचे आकडे पंचाच्या स्वभावावर किंवा कॅचरच्या हातावर अवलंबून नसतात, आणि पाच दिवसांनी पुन्हा टाकण्याची सवय तिथेच दिसून जाते. जपानमधून येणाऱ्याबद्दल ‘पाचव्या दिवशी टाकेल का’ हा प्रश्न उरतोच. मेरिल केली 2015 ते 2018 अशी चार वर्षं इंचॉनला एसके वायव्हर्न्सकडे होता. त्याआधी तो मेजर लीगमध्ये एकदाही खेळला नव्हता. ईआरए 3.86, काही डोळे दिपवणारा नाही. पण चार वर्षांत 700 हून जास्त इनिंग. ॲरिझोना डायमंडबॅक्सनी ते पाहिलं. 2019 मध्ये तिशीत पदार्पण, आणि 2023 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या दुसऱ्या सामन्यात सात इनिंग, 9 स्ट्राइकआउट आणि विजय. फेडीचं तर एकाच वर्षात झालं. 2023 मध्ये 20-6, ईआरए 2.00, 209 स्ट्राइकआउट, मग शिकागो व्हाइट सॉक्सशी दोन वर्षांचा दीड कोटी डॉलरचा करार.

जपानहून परत जाऊन यशस्वी झालेले नाहीत असं मुळीच नाही. माइल्स मिकोलस तोक्योच्या योमिउरीत तीन वर्षं काढून सेंट लुईसला गेला आणि 2018 मध्ये 18-4 टाकला. निक मार्टिनेझ निप्पॉन हॅम आणि सॉफ्टबँक करून सॅन डिएगो पाद्रेजला गेला. रँडी मेसेंजरची गोष्ट तर मी मांडलेल्या मुद्द्याच्या उलटच जाते. 2010 मध्ये हान्शिनमध्ये रिलीव्हर म्हणून तो आला, जमलं नाही, निगुनमध्ये गेला, तिथे स्टार्टर झाला, आणि दहा हंगामांत 98 सामने जिंकला. शेवटी सेवेची वर्षं भरल्यामुळे त्याची गणना परदेशी खेळाडूंत होईनाशी झाली. ज्याला अमेरिकेत परतायची ओढ नाही, एकाच गावात दहा वर्षं घालवायची आहेत, त्याला मेसेंजरसारखी कारकीर्द जपानच देऊ शकतं.

रिलीव्हरनं तर फार विचार करूच नये. कोरियन क्लब तीनांतली एक जागा रिलीव्हरवर सहसा खर्च करत नाहीत. जपानमध्ये परदेशी क्लोजर ही जुनी परंपरा आहे. डेनिस सार्फाटचे 2017 मधले 54 सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय), टोनी बार्नेट, स्कॉट मॅथिसन, आणि रॉबर्ट स्वारेस, जो 2015 मध्ये मेक्सिकोतल्या साल्तियोत होता, पुढच्या वर्षापासून सॉफ्टबँक, मग हान्शिन आणि तिथून पाद्रेज. हिटरला जपानी फोर्कबॉल आणि कोपऱ्यांवरची अचूकता फार छळते. पहिला थांबा कोरियाच बरा, आणि कोरियात चाललं म्हणून जपानला जाण्याआधी रोहासची दोन वर्षं आठवावीत.

कोरियाचे काटे

पहिला काटा धीराचा. खुर्ची पक्की आहे ती क्लबला तुमच्यावर विश्वास आहे तोवर. चौथा खेळाडू नसल्यामुळे पर्याय दोनच, खेळवणं किंवा घरी पाठवणं. मे महिना संपेपर्यंत ईआरए पाचच्या वर असेल तर क्लबचा माणूस अमेरिकेत ट्रिपल-एचे सामने बघत फिरतोय असं समजावं. बदली खेळाडूला प्ले-ऑफ खेळता येण्यासाठी 15 ऑगस्टपर्यंत नोंदणी लागते, त्यामुळे जुलैअखेर आणि ऑगस्टची सुरुवात सगळ्यात नाजूक.

याचीच दुसरी बाजू म्हणजे मागचं दार. 2024 पासून परदेशी खेळाडू सहा आठवडे किंवा जास्त जखमी असेल तर तेवढ्यापुरता दुसरा आणता येतो. रायन वाइस त्याच दारानं आत आला. तैवानमध्ये फुबॉन गार्डियन्स, मग अमेरिकेतल्या अटलांटिक लीगचा (मेजर लीगच्या क्लबांशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगचा) हाय पॉइंट रॉकर्स, आणि जून 2024 मध्ये हानह्वाचं सहा आठवड्यांचं एक लाख डॉलरचं कंत्राट. सहा आठवड्यांत त्यानं जागा स्वतःची करून घेतली, 2025 मध्ये 16-5 टाकला, आणि ह्यूस्टन ॲस्ट्रोजकडे गेला. स्वतंत्र लीगमध्ये खेळणाऱ्यानं म्हणूनच मे-जूनमध्ये पासपोर्ट आणि ताजे एमआरआय तयार ठेवावेत. असा फोन आला की चार दिवसांत निघावं लागतं.

दुसरा काटा जास्त खोल आहे आणि बऱ्याच जणांना तो पहिल्या वर्षानंतरच कळतो. क्लबनं पुन्हा करार देऊ केला आणि खेळाडूनं नाकारला, तर पाच वर्षं त्या खेळाडूचे कोरियातले हक्क त्याच क्लबकडे राहतात. म्हणजे अमेरिकेत वर्षभर प्रयत्न करून तो परत आला, तर सौदा करायला समोर एकच दुकान. सही करण्याआधी ‘अमुक तारखेपर्यंत जमलं नाही तर हक्क सोडू’ असं कलम मागून बघावं. क्लब देईलच असं नाही, पण दुसऱ्या वर्षाच्या वाटाघाटीत पिचरचा हात वर असतो, तेव्हा ते बरेचदा निघतं. जपानमध्येही क्लब नोव्हेंबरअखेर राखीव यादीत नाव टाकून अडकवू शकतो. तिथे हंगामानंतर मोकळं करण्याचं कलम पहिल्याच करारात घालून घ्यावं, आणि तिथले क्लब त्याला सहसा ना म्हणत नाहीत.

हे दोन्ही काटे धरूनसुद्धा, स्टार्टर असेल, 30 च्या आत असेल आणि परत जायची इच्छा असेल, तर पारडं कोरियाकडे झुकतं असं मला वाटतं. जपानचा कागद दीडपट रकमेचा आणि दोन वर्षांचा असेल, घरात लहान मुलं असतील, तर उलट कौल देणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण त्यानं एक प्रश्न क्लबला लेखी विचारावा: येत्या हंगामासाठी एकूण किती परदेशी खेळाडूंशी करार झाले आहेत, त्यात स्टार्टर किती? उत्तर सहाच्या वर गेलं तर दुसऱ्या वर्षाची हमी कितीही गोड असो, पहिल्या वर्षातला निम्मा उन्हाळा निगुनमध्ये जाईल असं धरूनच सही करावी.

तैवान आणि मेक्सिको हे या दोन्हींचे पर्याय नव्हेत, तिथपर्यंत पोचायच्या पायऱ्या आहेत. तैवानमध्ये सहा संघ, 120 सामने, आणि परदेशी जवळजवळ सगळे पिचरच. मिरांदा आणि वाइस दोघेही तिथून गेले. हंगाम मध्येच सोडून कोरियाला जाण्याची मुभा करारात हवी. मेक्सिकोत महिन्याच्या हिशेबानं पैसे मिळतात, पण मेक्सिको सिटी 2,240 मीटर उंचीवर आहे. तिथे कर्व्ह वळत नाही आणि साधा फ्लाय बॉल कुंपणापार जातो, त्यामुळे पिचरनं समुद्रसपाटीजवळचा संघ शोधावा. आपल्या कानाला जवळचं नाव म्हणजे मुंबई कोब्राज. पण तो संघ दुबईतल्या बेसबॉल युनायटेडचा आहे, सामने तिथेच होतात, आणि 2025 चा पहिला हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरमधला महिनाभराचा होता. कोरियाच्या शिबिराआधी हात चालू ठेवायला तेवढा कालावधी ठीक आहे. मात्र 180 इनिंग टाकून आलेल्यानं तिथे जाऊ नये, डिसेंबर विश्रांतीसाठी ठेवावा.

कोरियन क्लब सहीनंतरही सोलच्या दवाखान्यात खांदा आणि कोपर दोन्हींचा एमआरआय करून घेतात, आणि जुनी चीर नव्यानं सापडली की करार रद्द होऊ शकतो. आपले मागच्या तीन वर्षांचे स्कॅन एजंटकरवी आधीच पाठवावेत. सांगितलेली जुनी दुखापत रक्कम थोडी कमी करते. न सांगितलेली सापडली तर डिसेंबरअखेर हातात एकही कागद उरत नाही, कारण तोवर जपानच्या बहुतेक जागा भरलेल्या असतात.